रानात सोडलेली घोडी हाताला लागत नाही, काय करावं?

नमस्कार मंडळी. आमची वस्ती सोलापूर-मंगळवेढा रस्त्याला आहे. दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारातून सहा वर्षांची घोडी आणली. गोठ्यात अगदी गरीब. खरारा करा, खूर उचला, काही म्हणत नाही. ज्वारी निघाल्यावर मोकळ्या तीन एकरांत सोडायला लागलो आणि बिघडलं. मी दावं घेऊन निघालो की मान वर करते, दहा-बारा फुटांवर येऊ देते आणि वळून चौखूर उधळते. परवा नालबंद दोन तास बांधावर बसून परत गेला. रानभर धसकटं आहेत, पळताना खुरात घुसतील याचा घोर लागतो.

दावं पाठीमागे लपवून तोबऱ्यात, म्हणजे दाण्याच्या पिशवीत, भरडा दाखवला. दोनदा फसली, तिसऱ्यांदा तोबरा बघूनच पळाली. चौघांनी कोपऱ्यात कोंडायला बघितलं तर काटेरी तारेवर जाता जाता वाचली. ते पुन्हा कधीच करणार नाही. खोगीर लागतंय का म्हणून पाठ दाबून बघितली, दुखत नाही.

पण आई गवताला गेली की हीच घोडी तिच्या मागे मागे फिरते, पदराला तोंड लावते. आईनं तिला आजवर एकदाही धरलेलं नाही. मी धरलं की पुढं खोगीर, इंजेक्शन नाहीतर नाल. तिचं बरोबरच आहे, चूक माझी.

म्हणून चार दिवस रिकाम्या हातानं जातोय. घोड्याला कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या रोखानं, तिरका, नजर खाली ठेवून. मान वर केली की थांबतो, कान माझ्याकडं वळवले की मीच दहा पावलं मागं फिरतो. काल मानेला हात लावू दिला! खाजवलं आणि निघून आलो.

आता दावं बरोबर केव्हापासून न्यावं? धरून, दाणा देऊन लगेच सोडायचं, हे तुम्ही किती दिवस केलंत? चुलते म्हणतात पायबंद घाल, म्हणजे पाय दोरीनं बांध, नाहीतर गळ्यात लाकडाचं लोढणं अडकव. मला धीर होत नाही, पायबंदात उधळली तर तोंडावर पडेल. म्होरकी (तोंडावरची दोरी) तशीच ठेवून सोडावी तर कडेला वेड्या बाभळी, अडकली तर जिवावर बेतेल. जोर लागला की तुटेल अशी कच्च्या सुताची म्होरकी कुणी वापरलीय का?

मृगाच्या आत जमायला हवं. काळ्या रानात चिखल झाल्यावर तिच्यामागं जाता येणार नाही. ज्यांनी स्वतः असं घोडं वळणावर आणलंय त्यांनी सविस्तर सांगा.