गेम खेळण्यात आता मन रमत नाही, तुमचं असं झालंय का?

काल कपाट आवरताना प्लेस्टेशन २चं मेमरी कार्ड सापडलं. ८ एमबीचं, गेम कुठवर आला ते यात साठतं, मागे धाकट्या भावाच्या अक्षरात माझं नाव. आत फायनल फँटसी १० अर्धवट पडलाय. सुट्टीत सुरू केला होता, एक जण खेळायचा आणि दुसरा शेजारी बसून वहीत वाटा, कोडी उतरवायचा. शेवटची लढाई राहिली नि कॉलेज सुरू झालं.

गेल्या महिन्यात नवं मशीन घेतलं, तीन गेम आणले. एकही तासाच्या पुढे गेला नाही. वाचन होतं, पळायला जातो, मग हेच का सुटलं? मनापासून वाईट वाटतंय. तुमचं कधी सुटलं? परत आलं का?

—

बाळ झोपलं की पाऊण तास मिळतो. ऑनलाइन गेमला पॉज नसतो, तीनदा मॅच अर्धी टाकून उठले, टीममधल्यांचं नुकसान झालं ते वेगळंच. आता फक्त स्टारड्यू व्हॅली, शेतीचा गेम. कॉम्प्युटरवर त्यात झोपायला गेल्यावरच सेव्ह होतं, मध्येच उठावं लागलं तर गेममधला तो दिवस पुन्हा. उठला वाटतं, नंतर लिहिते

—

हात मंदावतात हो. २०१४ साली स्टारक्राफ्ट २ खेळणाऱ्या ३,३०५ जणांचा अभ्यास आला होता, वयं १६ ते ४४. प्रतिसादाचा वेग २४व्या वर्षापासूनच उतरायला लागतो असं निघालं. पण वयाने मोठे खेळाडू सोप्या, कमी मेहनतीच्या युक्त्या वापरून ते भरून काढतात, हेही त्यातच आहे. वाचून फार धीर आला. झटपट नेमबाजीचं काउंटर स्ट्राइक सोडलं, डावपेचांचं एज ऑफ एम्पायर्स २ धरलं, मजेत आहे.

—

हाताचं काही नाही, गेम बदलले. रोज या, बक्षीस घ्या, चुकलात तर सीझन गेला. दिवसभर काम करून आल्यावर पुन्हा हजेरी लावायची? जुना कॉन्ट्रा बघा. सुरुवातीला बटणं दाबायची, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, ३० जीव, झालं.

—

आणि स्टार्ट!

—

दोघं असाल तर आधी सिलेक्ट 😀 आमच्याकडे सिलेक्ट दाबायचं काम कायम ताईचं

—

गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारायची आठवण कोणालाच नाही?

—

मारू नका, श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात. काढून परत बसवल्यामुळेच चालायची ती.

—

माझं मित्र गेल्यावर सुटलं. सहा वर्षं शनिवारी रात्री आम्ही दोघं, हेडफोन लावून, निम्मा वेळ गप्पाच. फ्रेंड लिस्टमध्ये त्याचं नाव अजून आहे. काढवत नाही. दुसऱ्या कोणाबरोबर खेळून पाहिलं, जमलं नाही.

—

काढू नका. असू दे ते तिथेच 🙏

—

हे वाचून थांबलेच. काळजी घ्या.

—

धागाकर्ते दादा, कार्ड लावून बघितलंत का?

—

धीर होत नाही. इतक्या वर्षांनी आतलं उडालं असेल तर?

—

त्या कार्डात फ्लॅश मेमरी असते, सेल लागत नाही. बहुतेक असेल, लावा. सेलची भानगड जुन्या पोकेमॉनच्या कॅसेटला. माझ्या पोकेमॉन रेडमध्ये १४०च्या वर पोकेमॉन जमवले होते, सेल संपला आणि सगळे गेले. आठवीत होतो, दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

—

लावलं. आहे! खेळलेला वेळ ६१ तास १२ मिनिटं. स्क्रीनचा फोटो भावाला पाठवला. एरवी दोन दिवसांनी उत्तर देणारा, लगेच फोन केला. विचारतो, वही कुठंय? शोधतोय.