अंधारातलं खत

‘ऊन पोचत नाही तिथले जिवाणू मेलेलं खाऊन जगणार, बाकी समुद्राला त्यांचा काय उपयोग?’ असं एकाने विचारलंय. अहो, उपयोग तिथूनच सुरू होतो!

मेलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), विष्ठा, चिकट कण सतत खाली झरत असतात. त्यातलं बहुतेक पहिल्या हजारेक मीटरांतच फस्त होतं आणि अमोनिया सुटतो. मग येतात आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच पण वेगळ्या गटातले एकपेशीय सूक्ष्मजीव. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि त्या ऊर्जेवर, प्रकाशाशिवाय, कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर बांधतात. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. खोल पाणी वर आलं की त्यातलं नायट्रेट हेच वरच्या प्लवकांचं खत. सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला पावसाळ्यात हेच घडतं, आणि घडवणारे नैऋत्य वारे तेच, ज्यांची आपण इंदूरकर जूनभर वाट बघतो.

गंमत म्हणजे समुद्रातल्या अशा आर्कियाची पहिली वेगळी काढलेली जात २००५ साली जाहीर झाली, आणि ती मिळाली सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या टाकीत. आपल्या इंदुरात सुदामानगरात, राजेंद्रनगरात ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्यांना नव्या टाकीत मासे का मरतात हे माहीत असेलच: अमोनिया खाणारे अजून रुजलेले नसतात.

उलटा प्रकारही आहे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तिथले जिवाणू नायट्रेट वापरून श्वसन करतात, त्याचा नायट्रोजन वायू होतो आणि खत हातचं जातं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर बरंच काम केलंय.