"समाज तयार झाला की मिळेल": हक्कासाठी थांबायचं कुणी आणि किती?

दापोलीकर:
परवा घरी बारशाला सगळे जमलो होतो, विषय निघाला समलिंगी जोडप्यांच्या लग्नाचा. आमचे मामा (देवमाणूस, कुणाचं वाईट चिंतणार नाहीत) म्हणाले, "हक्क मिळावेत रे, पण इतकी घाई कशाला, समाज तयार झाला की आपोआप मिळतील." तोंडात पेढा होता म्हणून गप्प बसलो, इथे लिहितो.

मला एकदम महाड आठवलं. १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ ला महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागद अगदी तयार! पण पुढची तीन वर्षं तळ्यावर जायची सोय होती का? नाही, कारण ठराव दप्तरात आणि दहशत काठावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत गेली, ओंजळभर पाणी प्यायली, आणि लगेच गावात अफवा की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार, मग परतणाऱ्या माणसांना गाठून गाठून मारलं. नंतर १०८ घागरी आणि पंचगव्य घालून तळं "शुद्ध" केलं. आणि वर पालिकेने तो ठरावच मागे घेतला. आता सांगा, आणखी चार वर्षं थांबून महाड तयार झालं असतं?

शांत_माणूस:
उदाहरण चांगलंय पण अर्धंच सांगितलंत. त्याच वर्षी डिसेंबरात परत सत्याग्रह ठरला होता, कोर्टाचा मनाई हुकूम आला आणि बाबासाहेबांनी स्वतः तो तहकूब केला. लोक तयार होते, तरी थांबले. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला, त्यांच्या बाजूने. दहा वर्षं! याला मी पेशन्स म्हणतो. आजही हळूहळू होतंयच ना, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून २०१८ ला सुटका झाली, २०२४ ला केंद्र सरकारने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत जॉइंट खातं उघडता येतं. एकदम सगळं मागितलं की लोक बिथरतात.

दापोलीकर:
तहकूब करणं वेगळं आणि ताटकळणं वेगळं हो. कधी थांबायचं ते त्यांनीच ठरवलं, तळ्याची मालकी सांगणाऱ्यांनी नाही. आणि त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, ते काय पेशन्समधे बसतं का?

खडूस_काका:
दापोलीकर, तुमच्याच बाजूचं सांगतो. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. इंग्रजांनी केला, छापला, संपलं. १८९३ ला, म्हणजे ३७ वर्षांनी, धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तर त्यांच्या गावच्या मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. कायदा पुढे आणि समाज मागे राहिला की असं होतं. बैल गाडीच्या पुढे असावा लागतो, बैल म्हणजे समाज, एवढंच माझं म्हणणं.

दापोलीकर:
काका तुम्ही तर माझीच केस लढवताय 😄 कर्वे मुरूडची परवानगी येईपर्यंत थांबले का? वाळीत टाकून घेतलं, काम सुरू ठेवलं, १९५८ ला भारतरत्न झाले, आणि आता तेच मुरूड अभिमानाने त्यांचं नाव सांगतं. बैल असाच पुढे गेला.

खडूस_काका:
कर्व्यांनी स्वतःच्या जिवावर केलं, कोर्टात जाऊन दुसऱ्याच्या गळ्यात बांधलं नाही. फरक बघा जरा.

नांदेडचा_पोरगा:
तुम्ही सगळे निवांत बोलताय म्हणून लिहितो. आमच्याकडे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांत पास झाला, आणि मग लगेच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या, टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं. सरकार घाबरलं, "वातावरण निवळू द्या" सुरू झालं, ते निवळता निवळता १९९४ उजाडलं. सोळा वर्षं. आणि मिळालं काय, तर नामांतर नाही, नामविस्तार, म्हणजे मराठवाडा पण ठेवलं आणि बाबासाहेबांचं नावही जोडलं.

माझ्या आजोबांचं म्हणणं असं की त्या सोळा वर्षांत समाज तयार करायला "थांबा" म्हणणारा एकही पुढारी आमच्या वस्तीत आला नाही. तो येणारच नव्हता, तिकडे गावातच जायला पाहिजे होतं ना त्याने, तिथेही नाही गेला. पण दापोलीकर, तुम्हालाही सांगतो, घाई करा म्हणणं सोपं आहे, घर जळतं ते तिसऱ्याचंच. म्हणून घाई करायची का नाही हे ज्याचं घर जळणार त्यालाच ठरवू द्या. मामांनीही ठरवू नये आणि तुम्हीही.

दापोलीकर:
हे मान्य. हे आधी सुचायला हवं होतं मला.

शांत_माणूस:
नांदेडकर, वाचून सुन्न झालो. पण माझा मुद्दा उरतोच ना, ठराव आधी आणि गावोगावची तयारी नंतर, म्हणूनच भडका उडाला.

नांदेडचा_पोरगा:
भडका ठरावाने नाही उडाला साहेब, काड्या लावणाऱ्यांनी लावला.

दोघेच_आम्ही:
रोज वाचते, लिहीत नाही, आज लिहिते. मी आणि माझी जोडीदार अकरा वर्षं एकत्र राहतो. मागच्या वर्षी तिचं ऑपरेशन होतं, फॉर्मवर "पेशंटशी नातं" होतं, मी मैत्रीण लिहिलं, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की सही घरच्या माणसाची लागेल. तिचा भाऊ येईपर्यंत अडीच तास बसून राहिलो, आणि तो तिच्याशी चार वर्षं बोलतही नव्हता.

२००९ ला दिल्ली हायकोर्टाने आम्हाला गुन्हेगारीतून सोडवलं, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने परत आत ढकललं, निकालात आम्ही लोकसंख्येचा अगदी चिमूटभर हिस्सा असंही लिहिलं, मग २०१८ ला परत सोडलं. २०२३ ला लग्नाचं विचारलं तर म्हणे ते संसदेचं काम. आम्ही थांबलोच आहोत की, कोण म्हणतं घाई करतोय?

शांत_माणूस:
फॉर्मचं खरंच वाईट वाटलं ताई. सहीचा हक्क तर उद्या मिळायला हवा, पण लग्नाचा कायदा संसदेनेच करावा, यावर मी ठाम आहे.

दोघेच_आम्ही:
करू दे की संसदेला. पण आम्ही गप्प बसलो तर तिला आठवण कोण करून देणार, तुम्ही?