मदत हवी आहे: पायथनसाठी टीकिंटर की पायसाइड?

राजेहो, दारव्ह्याकडं मित्राचं कृषी केंद्र आहे. त्याच्यासाठी पायथनमध्ये उधारीच्या हिशोबाचा प्रोग्राम बनवतोय. पडद्यावरच्या खिडक्या-बटणांसाठी टीकिंटर अन् पायसाइड या दोन तयार लायब्रऱ्यांपैकी कोणती घ्यावी, ठरत नाही. कास्तकार बियाणं-खत जूनमध्ये नेतात, पैसे कापूस विकल्यावर. नावं मराठीतच दिसायला हवीत. दुकानातला संगणक विंडोज ७ चा, म्हणजे पायथन ३.८ च्या पुढं जाता येत नाही अन् पायसाइड ज्यावर चालतं त्या क्यूटीची ६ वी आवृत्ती पण बाद.

टीकिंटर पायथनसोबतच येतं, हलकं आहे, पण दिसायला जुनाट. पायसाइड २ देखणं, शिवाय एलजीपीएल परवाना (आपला कोड उघडा करायची सक्ती नाही); पायक्यूटीला, म्हणजे क्यूटीवरच्याच दुसऱ्या लायब्ररीला, जीपीएल (प्रोग्राम वाटला तर कोडही द्यावा लागतो) नाहीतर विकतचा. मात्र एक्सई फाइल लई जड होते.

उद्या लिनक्स टाकलं तर टीकिंटरमध्ये जोडाक्षरं तुटतात म्हणे, खरं का? अन् हजारेक नावांचा तक्ता कशात न अडकता सरकतो?