‘चॅलेंज राउंड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : विम्बल्डनच्या १९१९ सालच्या महिला एकेरीवर लेख लिहितेय. सुझान लेंग्लेननं डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्सना १०-८, ४-६, ९-७ असं हरवलं, तो सामना. मी ‘अंतिम फेरी’ लिहिलं होतं. पण तेव्हाचा शब्द ‘चॅलेंज राउंड’ आहे. मग ‘आवाहन फेरी’ म्हणू की ‘आव्हान फेरी’?

उत्तर : आव्हान. आवाहन आपण देवतेला करतो, नाहीतर रक्तदानासाठी लोकांना. आखाड्यात देतात ते आव्हान. संस्कृत ‘आह्वान’मधल्या ह आणि व यांनी मराठीत जागा बदलल्या आणि तेच रूप रुळलं.

‘अंतिम फेरी’ इथे खरंच चुकतं. तेव्हा गतविजेत्याला आधीच्या फेऱ्या खेळाव्या लागत नसत. बाकीचे सगळे आपसांत खेळायचे, त्याला ‘ऑल कमर्स’ म्हणत. त्यातून जिंकून येईल तो गतविजेत्यासमोर उभा राहायचा, ती लढत म्हणजे ‘चॅलेंज राउंड’. चेंबर्सबाई त्या वर्षी एकेरीत एकही सामना न खेळता थेट या लढतीला उतरल्या. वय चाळीस, सात विजेतेपदं गाठीशी. समोर वीस वर्षांची लेंग्लेन, फेरीमागून फेरी जिंकत आलेली. तिसऱ्या सेटमध्ये ६-५, ४०-१५ : चेंबर्सबाईंच्या हातात दोन मॅच पॉइंट. लेंग्लेनचा फटका रॅकेटच्या कडेला लागला आणि चेंडू कसाबसा जाळ्यापलीकडे पडला! ‘अंतिम फेरी’ वाचलं की दोघी सारखीच वाट चालून आल्या असं वाटतं, आणि या सामन्याची अर्धी गोष्ट तिथेच हरवते.

प्रश्न : पटलं. पण ‘गतविजेती’ चालेल? युद्धामुळे १९१५ ते १९१८ स्पर्धाच झाली नव्हती.

उत्तर : चालेल. गतविजेती म्हणजे मागच्या खेपेची विजेती, मग मध्ये कितीही वर्षं जावोत. मला तर ‘विजेतेपद राखणे’ हा प्रयोग या पद्धतीला सर्वांत नेमका वाटतो. राखणदार माळ्यावर बसून असतो, येणारा चालून येतो. राखायला कुणी आलंच नाही तर? १९०८ साली पुरुष एकेरीचे गतविजेते नॉर्मन ब्रुक्स आले नाहीत, तेव्हा ‘ऑल कमर्स’ जिंकणारे आर्थर गोर थेट विजेते ठरले. तिथे ‘अंतिम सामना’ बिनधास्त लिहा.

‘ऑल कमर्स’ला मात्र ‘खुली स्पर्धा’ म्हणू नका. टेनिसमध्ये ‘खुली’ म्हटलं की १९६८ नंतरचा, व्यावसायिक खेळाडूंना दार उघडल्यानंतरचा काळ डोळ्यांसमोर येतो. ‘ऑल कमर्स’ हा शब्द आहे तसाच ठेवून एका ओळीत समजावलेलं बरं.

ही पद्धत १९२२ साली बंद झाली, त्याच वर्षी स्पर्धा वर्पल रोडहून चर्च रोडला गेली. त्या वर्षी लेंग्लेन गतविजेती असूनही पहिल्या फेरीपासून खेळली. त्यामुळे तिच्या १९२२च्या विजयाला ‘अंतिम फेरी’च लिहा.