जुन्या चादरीची पिशवी: पट्टा जोडापाशीच का फाटतो?

प्रश्न
जुन्या सुती चादरीच्या बाजारपिशव्या शिवते आहे. दोन चौकोन तीन बाजूंनी जोडायचे, वरची कड दुमडायची, पट्टे लावायचे, इतकी साधी पद्धत. चार-पाच किलो वजन पडलं की पट्टा कापडासकट फाटून हातात येतो, टीप मात्र शाबूत असते. तळाची शिवणही दोन-तीन धुण्यांत उसवते. टीप अगदी बारीक घालूनही फरक नाही. कापड बदलू की पद्धत? अस्तर लावावं का? मशीन घरगुती आहे, सरळ टिपेचं, ओव्हरलॉक (कापडाची कड दोऱ्याने गुंडाळणारं मशीन) नाही.

उत्तर १
टीप शाबूत आणि कापड फाटलेलं, म्हणजे दोष दोऱ्याचा नाही. बारीक टीपच नडते आहे. सुईची भोकं इतकी जवळजवळ पडतात की पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी रेघ तयार होते आणि कापड तिथेच तुटतं. टाका ३ मिमीचा ठेवा. पट्ट्याला एकच आडवी टीप असेल तर सगळं वजन त्या एका रेघेवर येतं. चौकोन शिवून आत फुली मारली की ते पसरतं.

तळाला शिवण ठेवूच नका. ४५ सेंमी रुंद, १०० सेंमी लांब असा एकच सलग तुकडा कापा, उभा धागा (कापडाच्या किनारीला समांतर जाणारा) लांबीच्या दिशेने. दोन्ही आखूड कडा आधी १ सेंमी, मग ४ सेंमी दुमडून इस्त्री करा, टीप आत्ताच नको. पट्ट्यासाठी १० बाय ६५ सेंमीच्या दोन पट्ट्या, त्याही उभ्या धाग्यावर. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेला पट्टा वजनाने लांबत जातो. दोन्ही कडा मध्याकडे आणून पुन्हा अर्ध्यात दुमडा, २.५ सेंमीचा चारपदरी पट्टा होतो. दोन्ही कडांना टीप मारा. पट्टा हातात धरायचा असेल तर लांबी ४५ सेंमी पुरे.

एका पट्ट्याची दोन्ही टोकं एकाच आखूड कडेला लावायची. प्रत्येक टोक कापडाच्या लांब कडेपासून १३.५ सेंमीवर, दुमडीच्या आत ४ सेंमी सरकवा. त्याच जागी दुमडीत जाड कापडाचा ५ बाय ४ सेंमीचा तुकडाही घाला, जीन्सचा उत्तम. आता कडेची टीप मारा, पट्टा वर वळवा आणि दुमडीवर २.५ बाय ३.५ सेंमीचा चौकोन व फुली शिवा.

बाजूंना बंद शिवण घाला, मग ओव्हरलॉकची गरजच नाही. तुकडा मधोमध दुमडून, सुलट बाजू बाहेर ठेवून ६ मिमीवर पहिली टीप, माया (टिपेबाहेर उरलेलं कापड) कापून ३ मिमी करा, पिशवी उलटी करून ९ मिमीवर दुसरी. सुटे धागे आतच बंद होतात. पहिल्या टिपेनंतर माया कापायला विसरलात तर बाहेरच्या बाजूला धाग्यांची मिशी डोकावते. आता तळाचे कोपरे: बाजूची शिवण तळाच्या घडीवर बसवून त्रिकोण करा, टोकापासून शिवणीवर ६ सेंमी मोजून आडवी रेघ आखा. ती १२ सेंमी भरली तर माप बरोबर. रेघेवर दोनदा टीप मारा. त्रिकोण कापू नका, तळाशी दुमडून टाचून टाका. पिशवी साधारण ३० सेंमी रुंद, १२ सेंमी खोल, ३९ सेंमी उंच होईल.

उत्तर २
कापडही तपासा. चादर मधोमध झिजते, कडेला नाही. उजेडासमोर धरून विरळ भाग सोडा. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी जोरात ताणून पाहा, आडवं आणि उभं दोन्ही. चर्र आवाज आला किंवा धागे सरकले तर ते कापड पिशवीला नको. पडद्यांचं कापड जाड असतं, पण उन्हाने कुजलेलं असू शकतं. दुमडीत लपलेला भाग मजबूत राहतो आणि पट्ट्याला छान लागतो. टी-शर्टचं कापड वजनाने लोंबतं, ते हलक्या सामानापुरतंच.

अस्तर मला तरी आवडत नाही. धुतल्यावर उशिरा वाळतं आणि पट्टा कमकुवत असेल तर काहीच वाचवत नाही. कापड विरळ असेल तर दोन पदर एकत्र धरून एकच तुकडा समजून शिवा. शिवण्याआधी सगळं धुऊन घ्या, विकतचा सुती पट्टा वापरणार असाल तर तोही. नाहीतर पहिल्या धुण्यात पट्टा आटतो आणि कापडाला चुण्या पडतात.

उत्तर ३
फार वजन न्यायचं असेल तर पट्टा तळाखालून सलग फिरवा. वरच्या कडा आधी पूर्ण शिवून घ्या, कापड ९० सेंमी राहतं. त्यावर पट्टा दोन समांतर रेघांत लावायचा, दोन्ही टोकांना ६० सेंमीचा फेर मोकळा सोडून. एकूण ३ मीटर अधिक जोडाला ५ सेंमी. जोड तळाशी आणा. बाजूच्या शिवणी नंतरच. भार पट्टाच पेलतो, कापडाने फक्त सामान धरायचं.

प्रश्नकर्ती
जीन्सचा तुकडा घालून पाहिला. चौकोन शिवताना मशीन टाके सोडतं आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो.

उत्तर ३
दोन वेगळी कारणं आहेत. टाके सुटतात ते सुईमुळे: चादरीला १४ नंबर चालते, या जागी नवी १६ नंबरची लावा, दोरा पॉलिएस्टरचा. दाबपट्टी (सुईखाली कापड दाबून धरणारा पाय) जाड जागी चढताना तिरकी होते, म्हणून तिच्या मागच्या भागाखाली तितक्याच जाडीची कापडाची घडी ठेवा आणि ते चार टाके चाक हाताने फिरवून घाला. खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. दाबपट्टी वर उचलून दोरा पुन्हा ओवा. ती खाली असताना ओवला तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही.

उत्तर १
तरीही मशीन अडलं तर फक्त तो चौकोन हाताने शिवा. दुहेरी दोऱ्याला मेण लावून ३ मिमीची उलटी टीप घाला. धावदोरा नको, एक टाका तुटला की सगळी ओळ सैल पडते.