मदत हवी आहे : डबा रोज जसाच्या तसा परत येतोय

तापीकाठची · 9 मार्च, रात्री 10:42
नमस्कार. जरा पटकन सांगा, मला पाचला उठायचंय. दोन आठवडे झाले, डबा जसाच्या तसा परत येतोय. कधी अर्धी पोळी कमी असते, कधी तीही नाही. भाजी बदलून पाहिली. पोळीची गुंडाळी करून पाहिली, पराठे झाले, थालीपीठ झालं. विचारलं की एकच उत्तर, भूक नव्हती. आणि घरी आल्याबरोबर हातपाय न धुता कढईच पुढे ओढायची! रागावून झालं, गोडीनेही झालं. सासूबाई म्हणतात नजर लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. आता काय करू? ज्यांना अनुभव आहे त्यांनीच लिहा.

मसाला_चहा · 9 मार्च, रात्री 10:58
मिस्टरांना ॲसिडिटी आहे का? आमच्याकडे हेच होतं. बाहेर असताना खायची इच्छा नाही आणि घरी आले की तुटून पडायचे. सकाळी अनशापोटी जिऱ्याचं पाणी सुरू केलं, महिन्यात फरक.

छोटीची_आई · 9 मार्च, रात्री 11:15
बाळ किती महिन्यांचं आहे ताई? पाळणाघरात नवीन असेल तर असं होतंच. भाताची पेज पातळ करून द्या, वरून तूप.

एरंडोलकर · 10 मार्च, सकाळी 7:05
डबा कोणाचा आहे ते तरी लिहा. वय काय, किती वाजता निघणं, किती वाजता खाणं, काही नाही. अंधारात किती दगड मारायचे?

तापीकाठची · 10 मार्च, दुपारी 1:20
अहो मुलाचा! मला वाटलं कळेल. सहावीत आहे, अकरा पूर्ण. मिस्टर लोको पायलट आहेत, त्यांचा डबा खंडव्याहून धुतलेला परत येतो, त्यांची काळजी नाही. मी दवाखान्यात बिलिंगला आहे, नऊला हजर व्हावं लागतं. मुलगी नववीत, तिचा डबा संपतो. तोच स्वयंपाक, तीच मी.

एरंडोलकर · 10 मार्च, दुपारी 1:34
वेळ?

गावची_ताई · 10 मार्च, दुपारी 2:10
मी आरोग्याच्या कामात आहे म्हणून आधी हे विचारते. फेब्रुवारीत शाळेत जंताची गोळी मिळाली असेल, अल्बेंडाझोल 400 ची, चावून खायची. त्याने खाल्ली की खिशात ठेवली? पुष्कळ मुलं खिशात ठेवतात. दुसरं, दहा ते एकोणीस वयाच्या मुलांना शाळेत आठवड्याला एक लोहाची निळी गोळी देतात. ती उपाशीपोटी घेतली तर मळमळतं. डबा न खाता गोळी घेत असेल तर त्या दिवशी जेवण नको वाटणारच. वजन करून बघा. घरी भरपूर खातो म्हणता, म्हणजे भूक आहे. वजन उतरत असेल, पोट दुखत असेल तरच डॉक्टरकडे न्या, उगाच टॉनिक आणू नका.

निवृत्त_मास्तर · 10 मार्च, दुपारी 4:45
एकतीस वर्षे शिकवले, म्हणून सांगतो. मूळ कारण मोबाईल. रात्री मोबाईल, सकाळी अर्धी झोप, मग अन्नावर वासना कशी राहील? आता तर सरकारनेच 2024 साली काढलेय की शाळा नऊच्या आत भरवू नका. तुमची शाळा पाळत नसेल तर पालकांनी एकत्र येऊन लेखी अर्ज द्यावा. मसुदा मी देतो.

एरंडोलकर · 10 मार्च, सायंकाळी 5:02
सर, ते चौथीपर्यंतच्या वर्गांना आहे. मुलगा सहावीत आहे.

निवृत्त_मास्तर · 10 मार्च, सायंकाळी 5:20
चौथीच्या मुलाला झोप लागते आणि सहावीच्या मुलाला लागत नाही काय?

तापीकाठची · 10 मार्च, रात्री 9:50
मोबाईल माझ्याकडेच असतो, रात्री मी इथे रडत असते ना. गोळी त्याने खाल्ली, मी बाईंना विचारलं होतं. वजन कमी नाही, उलट दिवाळीची पँट घोट्याच्या वर गेलीये.
वेळ : फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून शाळा सकाळची झाली. सात दहाला भरते, साडेनऊला पंधरा मिनिटांची सुट्टी, पावणेबाराला सुटते. निघताना कपभर दूध आणि दोन बिस्किटं. आधी दुपारची शाळा होती तेव्हा डबा चाटूनपुसून यायचा. नळाचा दिवस असला तर मी चारला उठते, तरी डबा चुकत नाही. म्हणून जास्त जिवाला लागतं हो.

मसाला_चहा · 10 मार्च, रात्री 10:01
मग दूधच कारण. दूध जड असतं. बंद करा.

केळीबाग_रावेर · 10 मार्च, रात्री 10:20
पंधरा मिनिटांत काय पोळी-भाजी खाणार पोरगं? रांग, नळ, लघवीला जाणं, त्यातच दहा मिनिटं गेली. दोन केळी द्या. सोलली की झालं, भांडं नको, चमचा नको. आपण जळगाव जिल्ह्यातली माणसं, 2016 ला आपल्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपली पोरं बिस्किटं खातात.

कळणा_एके_कळणा · 10 मार्च, रात्री 10:41
केळं दप्तरात भूगोलाच्या पुस्तकाखाली जातं, आणि मग पुस्तकाला मानांकन मिळतं. कळण्याची भाकरी द्या. ज्वारी चार वाट्या, सालासकट काळे उडीद एक वाटी, दळतानाच मीठ. सकाळी खाल्ली की दुपारपर्यंत भूक नाही. आमचे वडील त्यावर मोट हाकायचे.

चोपड्याची_सून · 10 मार्च, रात्री 10:55
चाराला एक नाही, पाचाला एक. चाराला एकने भाकरी चिकट होते.

कळणा_एके_कळणा · 10 मार्च, रात्री 10:57
तुमच्या चोपड्याला होत असेल.

तीन_पोरांची_माय · 10 मार्च, रात्री 11:08
ताई, डबा कोणता आहे? म्हणजे भांडं. नवीन घेतलंय का?

चोपड्याची_सून · 10 मार्च, रात्री 11:12
आमच्या चोपड्याची ज्वारी खाऊन बघा आणि मग बोला. आणि कळण्यासोबत भरीत हवं, नुसता ठेचा नाही. बामणोदचं वांगं, काट्यांवर भाजलेलं, बडगीत ठेचलेलं. गॅसवर भाजलेल्याला मी भरीत म्हणत नाही.

कळणा_एके_कळणा · 10 मार्च, रात्री 11:20
हे मात्र मान्य. आणि मिरच्या हिरव्या, भाजून. लाल तिखट घालणाऱ्यांना हद्दपार करावं.

एरंडोलकर · 11 मार्च, सकाळी 6:58
बाईंनी मदत मागितलीय, तुम्ही भरताची पार्टी ठरवताय.

धुळ्याचा_पाव्हणा · 11 मार्च, सकाळी 8:30
ताई, आख्खी दुनिया सांगी ऱ्हायनी, पन पोऱ्याले कोनी इचारी नई ऱ्हायनं. आजीसमोर नका इचारू, बहिणीसमोर तर नकोच. गाडीवर मागे बसवा आणि चालवता चालवता इचारा. तोंड दिसत नसलं की पोरं बोलतात. माझा अनुभव.

तापीकाठची · 11 मार्च, रात्री 10:15
विचारलं. गाडीवरच. म्हणे ‘नाही ना भूक, किती वेळा सांगू.’ आणि स्टेशनपर्यंत गप्प.
एक सांगायचं राहिलं. मागच्या शनिवारी मला उशीर झाला म्हणून ब्रेडला हिरवी चटणी लावून दिली होती. ती सगळी संपली. दह्यातली काकडी दिली होती तीही संपली होती एकदा. म्हणजे माझी पोळी-भाजीच नको झाली ना त्याला?

निवृत्त_मास्तर · 11 मार्च, रात्री 10:30
सिद्ध झाले. मैद्याची चटक. एक दिवस ब्रेड दिला आणि पंधरा दिवसांचे वळण मोडले.

मसाला_चहा · 11 मार्च, रात्री 10:36
सर, पंधरा दिवस आधीपासूनच खात नाही तो. ब्रेड परवा दिलाय.

तीन_पोरांची_माय · 11 मार्च, रात्री 10:50
मी परत विचारते. भांडं कोणतं? नवीन आहे का, झाकणाला रबर आहे का, आणि तुम्ही भाजी किती गरम भरता? ब्रेड आणि काकडी गरम नव्हती. बाकी सगळं गरम होतं.

तापीकाठची · 11 मार्च, रात्री 11:02
नवीनच आहे. जुन्यातून आमटी सांडून गणिताची वही भिजली, म्हणून शाळा सकाळची झाली त्याच आठवड्यात घेतला. स्टीलचा, चारही बाजूंना क्लिपा, आत जाड रबर. साडेचारशे रुपये. एक थेंब बाहेर येत नाही. भाजी उतरवली की लगेच भरते, मला कुठे वेळ आहे? पण भांड्याचा काय संबंध?

तीन_पोरांची_माय · 11 मार्च, रात्री 11:19
तोच संबंध. वाफाळती भाजी भरून झाकण लावलं की आतली हवा वाफेने बाहेर ढकलली जाते, उरलेली वाफ आत कोंडते. तास-दोन तासांनी ती थंड होऊन तिचं पाणी होतं. आत काही उरत नाही, बाहेरची हवा झाकण दाबून धरते. गरम पाणी भरलेली प्लास्टिकची बाटली थंड झाली की कशी आत चेपते? स्टील चेपत नाही, म्हणून झाकण आवळून बसतं. क्लिपा चारही उघडतात आणि झाकण हलत नाही. माझ्या मधल्याचं असंच झालं होतं.

रनिंग_रूम · 12 मार्च, पहाटे 4:10
चुकीची माहिती. बावीस वर्षं रेल्वेत काढली, डबा कायम गरम बंद केला. थंड करून भरला तर इगतपुरीला पोचेपर्यंत आंबतो. झाकण कधी अडकलं नाही.

तीन_पोरांची_माय · 12 मार्च, सकाळी 9:15
दादा, तुमचा डबा तीन पुडांचा, वर एक कडी, रबर नाही. बरोबर? त्यातून वाफ निघून जाते. आणि आंबतो तो थंड केल्यामुळे नाही, कोंडलेल्या वाफेचं पाणी पोळीवर पडतं त्यामुळे.

रनिंग_रूम · 12 मार्च, सायंकाळी 7:40
चार पुडांचा.

कळणा_एके_कळणा · 12 मार्च, रात्री 8:05
भाकरी कापडात बांधून दिली असती तर हा प्रश्नच आला नसता.

तापीकाठची · 15 मार्च, दुपारी 12:30
आज रविवार म्हणून करून पाहिलं. सकाळी सव्वासहाला नेहमीसारखी बटाट्याची भाजी आणि पोळ्या भरल्या, क्लिपा लावल्या, डबा ओट्यावर ठेवला आणि विसरून गेले. साडेनऊला घेतला. क्लिपा निघाल्या. झाकण निघेना. मी, रोज पंधरा लिटरचे हंडे उचलणारी बाई, मला निघेना. पदराने धरलं, डबा दोन गुडघ्यांत धरून ओढलं. शेवटी चमचाचं टोक रबराखाली घातलं तेव्हा ‘फुस्स’ झालं आणि निघालं. आतल्या पोळ्या ओल्या, वरची तर लगदा.
तो दारात उभा राहून बघत होता. मग म्हणाला, ‘मी तर बाकावर आपटायचो. दोनदा उघडला. एकदा वर्गातल्या पोराने ओढला तर भाजी त्याच्या शर्टावर.’ मी म्हटलं, अरे मग सांगायचं ना! तर म्हणे, ‘तू आल्या आल्या म्हणालीस ना, साडेचारशेचा आहे, हाही मोडलास तर बघ.’
मी काय बोलणार. सासूबाई तेवढ्यात म्हणाल्या, नजर उतरली.

गावची_ताई · 15 मार्च, दुपारी 12:52
सरांना किंवा बाईंना उघडून मागायला काय झालं होतं?

तापीकाठची · 15 मार्च, दुपारी 1:05
सहावीतला मुलगा सगळ्या वर्गासमोर डबा उघडून द्या म्हणेल? त्यापेक्षा तो उपाशी राहील. राहिलाच.

तीन_पोरांची_माय · 15 मार्च, दुपारी 1:30
डबा टाकू नका. भाजी आधी उतरवून ताटात पसरा, पंख्याखाली दहा मिनिटं. पोळ्या एकावर एक न ठेवता जाळीवर. तेवढ्यात त्याची वेणी... नाही, मुलीची वेणी घाला. हात लावून कोमट लागलं की भरा. वेळ नसेल तर क्लिपा लावू नका, झाकण नुसतं ठेवा आणि तो निघताना लावा. काही डब्यांच्या झाकणावर मधोमध रबराचं छोटं बटण असतं, ते उचललं की हवा आत जाते. पुढच्या वेळी तसा बघा.

केळीबाग_रावेर · 15 मार्च, दुपारी 2:15
तोवर केळी द्यायला हरकत नाही.

निवृत्त_मास्तर · 15 मार्च, सायंकाळी 6:00
अर्जाचा मसुदा तयार आहे. कोणाला हवा असल्यास कळवावे.

चोपड्याची_सून · 15 मार्च, सायंकाळी 6:40
पाचाला एक. आज परत करून पाहिली.

तापीकाठची · 17 मार्च, रात्री 9:35
काल दोडक्याची भाजी दिली होती, म्हणजे त्याला न आवडणारी, मुद्दामच. आज मेथीचे पराठे. दोन्ही दिवस डबा रिकामा. सगळ्यांचे आभार, तीन पोरांच्या मायचे जास्त.
चमचा मात्र दोन्ही दिवस आला नाही.

छोटीची_आई · 17 मार्च, रात्री 9:50
अरे वा! आता बाळाला हळूहळू घट्ट वरण-भात सुरू करा.